माती ओली, तरी पानं सुरकुतलेली

सक्युलंटची, म्हणजे पानांत-खोडात पाणी साठवणाऱ्या मांसल झाडाची, पानं सुरकुतली की हात आधी झारीकडे जातो. त्याआधी कुंडीत बांबूची काडी थेट तळापर्यंत खुपसा आणि पाच-दहा मिनिटांनी काढा. कोरडी निघाली तर झाड तहानलेलं आहे, खुशाल भरपूर पाणी घाला. ओली निघाली, माती चिकटून आली, तर मुळं सडल्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी घातलेलं पाणी झाडाला संपवतं.

पानंही बरंच सांगतात. तहानलेल्या एचेवेरियाची (गुलाबासारखी पानं असलेलं सक्युलंट) खालची पानं पातळ होऊन कुरकुरीत वाळतात. सडणाऱ्याची पानं पिवळट आणि अर्धपारदर्शक होतात, बोट लागलं तरी गळून पडतात. (सगळ्यात खालची एक-दोन जुनी पानं वाळणं हा आजार नाही, ती काढून टाका.) जेडची हिरवी, टवटवीत दिसणारी पानं अचानक टपटप गळू लागली तर मातीत हात घाला. अडेनियमचा गड्डा, म्हणजे खोडाचा फुगीर तळ, चारी बाजूंनी दाबा. सगळीकडे सारखाच किंचित मऊ असेल तर बहुधा पाणी कमी पडलंय. एकाच बाजूला पिचपिचीत असेल तर तिथे कूज आहे. सगळ्यात फसवी हावर्थिया, हे छोटं सक्युलंट. वरून बरी दिसते, आणि हलकेच ओढली तर मुळांशिवाय हातात येते.

हे का होतं? मातीतल्या पोकळ्यांमध्ये पाणी भरून राहिलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती गुदमरून मरतात. मेलेल्या, दुबळ्या मुळांत मग पिथियम, फायटोफ्थोरा, फ्युजॅरियम अशा बुरशी आणि बुरशीसारखे रोगजंतू शिरतात. म्हणून नुसतं औषध ओतून झाड क्वचितच वाचतं. माती तीच राहिली तर कूज परत येते.

शंका आली की वाट न बघता झाड उपटा. माती झटकून, हवं तर मुळं धुऊन नीट बघा. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी आणि घट्ट असतं. सडलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी सरकून निघते आणि आत फक्त दोरा उरतो. वासही कुबट येतो. अशी सगळी मुळं निर्दयपणे कापा.

कूज खोडात चढली असेल तर तळापासून पातळ चकत्या कापत वर जा. प्रत्येक चकतीनंतर ब्लेड स्पिरिटने पुसा, नाहीतर रोग तुम्हीच वर नेता. कापलेला भाग नीट निरखा: मधोमध तपकिरी ठिपका किंवा कडं दिसत असेल तर अजून कापायचं. बहुतेक झाडं इथेच जातात, कारण जीव कळवळतो आणि माणूस अर्धा सेंटिमीटर आधीच थांबतो. पूर्ण चकती एकसारखी स्वच्छ दिसेपर्यंत हात थांबवू नका. खोड शेंड्यापर्यंत गेलं असेल तर एचेवेरियाची घट्ट, निरोगी पानं देठाच्या तळापासून अख्खी काढून कोरड्या मातीवर ठेवा. त्यांतून नवी रोपं येतात.

कापल्यावर ‘साफ’ (SAAF) नावाने मिळतं तसं कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबचं बुरशीनाशक लिटरभर पाण्यात २ ग्रॅम घेऊन मुळं दहा-पंधरा मिनिटं बुडवा. हातमोजे घाला, चमचा आणि भांडं स्वयंपाकघरातलं नको. एक लक्षात ठेवा: कार्बेन्डाझिम पिथियम-फायटोफ्थोरावर चालत नाही. पावसाळ्यात झाडामागून झाड जात असेल तर मेटालॅक्झिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं औषध आणा, मात्रा पुडीवर लिहिलेली असते. हळद किंवा दालचिनी जखमेवर लावायला हरकत नाही, पण आत राहिलेली कूज त्याने थांबत नाही.

मग वाळवणं. बारीक मुळं कापली असतील तर सावलीत दोन-तीन दिवस, जाड खोडाला आठवडाभर, अडेनियमच्या गड्ड्याला त्याहूनही जास्त. जखमेवर कोरडी, कडक खपली धरली पाहिजे. जुलैच्या दमट हवेत पंख्याखाली ठेवा. त्यानंतर कोरड्या मिश्रणात लावून आणखी आठवडाभर पाणी नाही. सक्युलंट पानांतल्या साठ्यावर जगतं, घाबरू नका. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

मिश्रणाबद्दल आग्रहाने सांगावंसं वाटतं, कारण खरा बचाव तिथे आहे. नर्सरीतून आलेलं रोप बहुतेकदा निव्वळ कोकोपीटमध्ये किंवा चिकट तांबड्या मातीच्या गोळ्यात असतं. आणल्यावर तो गोळा फोडून काढा. दोन भाग विटेचे तुकडे किंवा प्युमिस, म्हणजे हलका सच्छिद्र ज्वालामुखीय दगड (३ ते ६ मिलिमीटर), एक भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग गांडूळखत किंवा पानांचं कुजलेलं खत. विटेची भुकटी चाळून टाका. ती पोकळ्या बुजवते आणि सगळी मेहनत वाया जाते. काळी माती अजिबात नको. पाणी ओतल्यावर ते वर तळं न करता लगेच खालून बाहेर पडलं पाहिजे.

कुंडीच्या तळाशी खडे घालण्याची आपल्याकडे घट्ट सवय आहे. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खड्यांच्या थरात सहज उतरत नाही, थराच्या वरच अडून बसतं, म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. कुंडी मातीची, मुळांच्या पसाऱ्याहून दोन-तीन सेंटिमीटरच मोठी.

रोज चमचाभर पाणी घालणं किंवा ‘दर रविवारी’ असा नेम ठेवणं, दोन्ही सोडा. भोकातून वाहेपर्यंत घाला, आणि काडी तळापर्यंत कोरडी निघेपर्यंत पुन्हा घालू नका. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर छपराखालच्या कुंड्याही वाळता वाळत नाहीत. त्या काळात पाणी जवळजवळ बंद, कुंड्या विटांवर उचललेल्या, ताटल्या काढलेल्या.

लाल-पिवळ्या डोक्याच्या मून कॅक्टसची गोष्ट वेगळी. ते डोकं दुसऱ्या कॅक्टसच्या खोडावर कलम केलेलं असतं. खालचं हिरवं खोड सडलं तर डोकं मातीत लावून उपयोग नाही. डोक्यात हरितद्रव्य नसल्याने ते स्वतःचं अन्न बनवू शकत नाही. डोकं निरोगी असतानाच कापा, ड्रॅगन फ्रूटच्या खोडाच्या ताज्या कापलेल्या तुकड्यावर दोघांची मधली कडी एकमेकांवर येतील असं बसवा आणि रबरबँडने दोनेक आठवडे बांधून ठेवा.