तुम्ही विचारलंत म्हणून: चौघींत सर्वांत सुंदर कोण?

चिनी इतिहासावर बोलायला कुठेही गेले तरी प्रश्न ठरलेला: तिथल्या परंपरेतल्या चार सौंदर्यवती, शी शी, वांग चाओच्युन, त्याओचान आणि यांग ग्वेफेई, यांत सर्वांत देखणी कोण? एकदाचं सांगते, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. एकीचंही तिच्या हयातीतलं चित्र उरलेलं नाही, आणि त्याओचान तर गोष्टींतलीच.

चाओच्युनने दरबारी चित्रकाराला लाच दिली नाही, म्हणून त्याने तिला कुरूप रंगवलं, ही कथा सगळ्यांना पाठ असते. इ.स.पू. ३३ मध्ये तिला उत्तरेकडच्या भटक्या श्योंगनू लोकांच्या राजाला देऊन टाकलं. तो वारल्यावर तिने माघारी येऊ द्या म्हणून विनवलं, तर दरबाराने तिथलीच रीत पाळायला सांगितलं. म्हणजे सावत्र मुलाशी लग्न. हे कोणीच विचारत नाही.

आणि मावेई? जुलै ७५६. बंडखोर आन लुशानच्या भीतीने सम्राट श्वानझोंग राजधानी चांगआन सोडून पळालेला. मावेईच्या ठाण्यावर उपाशी, चिडलेल्या सैनिकांनी त्याच्या लाडक्या राणीचा, ग्वेफेईचा भाऊबंद, प्रधान यांग ग्वोझोंग याला मारलं. तरी ते हलेनात. आता त्यांना तिचा जीव हवा होता. म्हातारा सम्राट काठीवर भार टाकून, मान खाली घालून उभा राहिला. ती अंतःपुरात राहणारी, ग्वोझोंगच्या कटाचं तिला काय ठाऊक, असं म्हणाला. खोजा गाओ लिशीचं उत्तर इतिहासात नोंदलेलं आहे: ती खरोखर निर्दोष आहे, पण तिच्या माणसाला मारलेल्या सैनिकांना ती तुमच्याजवळ असेपर्यंत निर्धास्त कसं वाटेल? मग त्यानेच तिला बुद्धाच्या देवळात नेऊन गळा आवळला. प्रेत अंगणात ठेवलं. सेनापती चेन श्वानलीला बोलावून दाखवलं. त्याने शिरस्त्राण काढलं, चिलखत उतरवलं, जमिनीला डोकं टेकलं.

निर्दोष आहे असं म्हणत म्हणत मारली, आणि तुम्ही मला नाकीडोळी विचारता!

पूर्वी मी एवढ्यावर थांबायचे. तिच्यावर बोट ठेवणाऱ्याशी भांडायचे. पण तिच्या बहिणींना मिळालेल्या पदव्या, ग्वोझोंगचं प्रधानपद, हे सगळं तिच्यामुळेच ना? आन लुशानला तिने मुलगा मानलं होतं, हेही खरं. मग तिला सगळ्यातून सोडवणारी मी कोण? उलट वाटतं, मुळात सम्राटाच्या मुलाची बायको असलेल्या तिला, सासऱ्याने मागितल्यावर, नाही म्हणायची सोय तरी होती का? यावर माझं माझ्याशीच एकमत होत नाही. तिच्या रूपाने राज्य बुडालं, हे मात्र मी ऐकून घेणार नाही. सरहद्दीवरच्या तीन सुभ्यांचं सैन्य आन लुशानच्या हाती सम्राटाने दिलं होतं.