‘सिंगिंग इन द रेन’ आईसोबत पूर्ण, यादीत थोडा फेरबदल

जुनी हॉलिवूड म्युझिकल्स आईला दाखवायची, या माझ्या उपक्रमातला ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) अखेर पार पडला. सिनेमा जेमतेम १०३ मिनिटांचा, पण एका बैठकीत झाला नाही. आई सबटायटल्स वाचते तेव्हा चित्र बघत नाही, आणि चित्र बघते तेव्हा वाचत नाही. शेवटी संवाद आले की थांबवून मराठीत थोडक्यात सांगायचं आणि गाणं लागलं की सबटायटल्स बंद, असं ठरलं. कुणाच्या घरी हाच घोळ असेल तर करून बघा.

पात्रं मधेच गायला का लागतात, हा प्रश्न तिला पडलाच नाही. साहित्य संघात संगीत नाटकं बघत वाढलेली गिरगावची बाई ती. नायकाचा मित्र झालेला डोनाल्ड ओकॉनर धावत भिंतीवर चढून उलटी कोलांटी मारतो, तेव्हा तिने चक्क ‘वन्स मोअर’ची मागणी केली. मी रिमोटवर ती पुरवली.

पावसातल्या नाचावर मात्र माझी सगळी तयारी वाया गेली. नायक झालेल्या जीन केलीने अंगात १०३ डिग्री ताप असताना तो नाच केला, हेही सांगून पाहिलं. ‘मग घरी झोपायचं ना!’ जुलैत गुडघाभर पाण्यातून लोकल गाठत नोकरी केलेल्यांना भिजण्याचं कौतुक कितीसं असणार?

ती सरसावून बसली ती गोष्ट बोलपटावर आली तेव्हा. साल १९२७. मूकपटांची राणी लीना लॅमाँट, आवाज कर्कश. म्हणून पडद्यामागून कॅथी या नवख्या नटीने बोलायचं, गायचं, आणि नाव लीनाचं. ‘अगं, हे तर प्लेबॅकच की,’ आई म्हणाली, आणि तिथून सिनेमा बराच वेळ थांबलेलाच राहिला. ‘आलम आरा’ १९३१ साली गिरगावातच, मॅजेस्टिकला लागला होता. त्यानंतर मूकपटांच्या लाडक्या सुलोचनाला, म्हणजे रुबी मायर्सना, हिंदुस्थानी शिकायला बसावं लागलं. मग गाडी लताबाईंवर. १९४९ च्या ‘महल’ची तबकडी आली तेव्हा तिच्यावर गाणारीचं नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं! फिल्मफेअरने पार्श्वगायनाला वेगळं बक्षीस द्यायला १९५९ उजाडलं. मी आजवर हा सिनेमा पायांसाठी बघत आले. आईने तो कानांनी पाहिला, आणि तिच्या लेखी नायक केली नव्हेच, कॅथी.

शेवटी पडदा वर जातो आणि मागे गाणारी कॅथी सगळ्यांना दिसते, तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. त्यावर मी राखून ठेवलेली माहिती काढली: कॅथी झालेल्या डेबी रेनॉल्ड्सच्या काही गाण्यांना आवाज बेटी नॉइजचा आहे, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. शिवाय लीनासाठी कॅथी संवाद म्हणते त्या प्रसंगात ऐकू येतो तो लीना झालेल्या जीन हेगनचा स्वतःचा आवाज. आई दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली, ‘म्हणजे बोलायचं एक आणि करायचं तेच!’ इतकं नेमकं परीक्षण माझ्याकडून कधी झालेलं नाही.

ब्रॉडवेचा लांबलचक नाच चालू असताना ती कुकर लावून आली. त्यातल्या नर्तकीचा, सिड चरीसचा, हिरवा पोशाख हुकला. कथेला त्या नाचाची गरज नाही हे मान्य, पण मला हळहळ वाटलीच.

त्यामुळे ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’ यादीत खाली ढकलला आहे. त्याच्या शेवटी तर याहून मोठा बॅले आहे. वर आला ‘माय फेअर लेडी’ (१९६४). त्याच गोष्टीवरचं पुलंचं नाटक, भक्ती बर्वेंची ‘ती फुलराणी’, आईने शिवाजी मंदिरला पाहिलेली, त्यामुळे पुलंच्या मंजुळेपुढे ऑड्री हेपबर्न कितपत टिकते, हे तिला बघायचंच आहे. जवळजवळ तीन तासांचा मामला आहे, मध्यंतरात चहा आणि बटाटेवडे ठरलेत. ऑड्रीची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने गायली आहेत, हे आधी सांगू की तिचे कान ओळखतात का बघू? जाणकारांनी सुचवावं.