आमची वाटचाल : छापखान्याचं शिसं

बाबा पुण्यात शनिवार पेठेतल्या छापखान्यात खिळे जुळवायचे. घरी आले की आधी साबणानं हात घासायचे, मगच चहा, हा आईचा नियम. आज मी रायफलीसाठी शिशाच्या गोळ्या ओततो, पण तेव्हा शिशाशी माझी ओळख एवढीच. पुढे अमेरिकेत मोंटानात लेथवर नोकरी करत होतो, तेव्हा शेजारच्या आजोबांनी एका रविवारी गॅरेजमध्ये बोलावलं. भांड्यात शिसं वितळत होतं, बाजूला लायनोटाइपच्या, म्हणजे अख्खी ओळ एकसंध ओतणाऱ्या छपाईयंत्राच्या, जुन्या ओळींचा ढीग. एक उचलली, तर उलटी अक्षरं! मग मी काही लवकर घरी गेलो नाही.

लायनोटाइपचा धातू म्हणजे शंभरात साधारण ८४ भाग शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील. धातूचा कठीणपणा सांगणाऱ्या ब्रिनेल मापात निव्वळ शिशाचा आकडा ५, याचा २२च्या आसपास. त्यात मऊ शिसं मिसळून आजोबा आपल्या मार्लिन ३३६ रायफलीसाठी .३०-३० काडतुसाच्या गोळ्या ओतत, चपट्या नाकाच्या. खालचा लिव्हर ओढून भरायच्या या रायफलीत काडतुसं नळीखालच्या मॅगेझिनमध्ये एकामागे एक आडवी बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीला, टेकलेली असताना झटका बसला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

गोळ्या विकायचं ठरल्यावर टाइप ०६चं, म्हणजे दारूगोळा बनवायचं, फेडरल लायसन्स काढलं. ३ वर्षांचे ३० डॉलर. साचे त्याहून कितीतरी महाग पडले.

पहिल्याच हंगामात तक्रारी सुरू : नळीत शिसं चिकटतंय. मला वाटलं, गोळी मऊ पडतेय. लायनोटाइप वाढवला. तक्रारीही वाढल्या. दोन महिने हा शहाणपणा चालला. शेवटी आजोबांनी मऊ शिशाचा गोळा तेल लावून लाकडी दांडीनं नळीतून आरपार ढकलला आणि माझ्यापुढे मायक्रोमीटर ठेवला. नळीचं आतलं माप .३०९५ इंच! आमची गोळी .३०९. त्या फटीतून तापलेला वायू पुढे घुसतो आणि गोळीचं शिसं खरवडून नळीला फासतो. मऊ गोळी निदान दाबानं फुगून फट बुजवते. मी ती सोयही घालवली होती. त्यात मार्लिनच्या मायक्रो-ग्रूव्ह नळीत गोळीला फिरकी देणारे १२ आटे, तेही उथळ. मग माप .३११ केलं, कठीणपणा १५-१६वर उतरवला. बुडाला तांब्याचा गॅस चेक, म्हणजे छोटी वाटी, आणि खाचेत मधमाशीच्या मेणाचं वंगण होतंच. पुढच्या खेपेला नळीतून चिंधी नुसती काळी निघाली, चंदेरी कण नाही.

आता मी ओततो, बायको माप आणि हिशेब बघते. वर्कशॉपमध्ये चहा बंद, वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासायचं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिशाच्या गोळीनं शिकार करायला बंदी आहे. तिकडचं गिऱ्हाईक फक्त निशाणेबाजीचं.

लायनोटाइप मिळेनासा झालाय, म्हणून चाकाचा तोल साधायला लावतात ती टायरची शिशाची वजनं घेतो. गेल्या महिन्यात त्यात जस्ताची काही आली आणि अख्ख्या भांड्याची लापशी झाली. आता प्रत्येक वजन पकडीनं चावून बघतो.