पद्मिनीच्या मडगार्डावरचे दुसरे भोक

आमच्या १९८९ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या उजव्या मडगार्डावर रुपयाच्या नाण्याएवढी एक काळी रबरी टोपी बसवलेली आहे. गाडी पाहायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण तिच्याविषयी विचारतो आणि दर वेळी मला कबूल करावे लागते, की तिच्याखालचे भोक रेडिओच्या अँटेनासाठी मीच पाडले होते आणि ते चुकीच्या जागी पाडले होते.

गाडी वडिलांची. पावसहून रत्नागिरीला जाताना आकाशवाणी ऐकायची, हा त्यांचा शिरस्ता होता. बातम्यांपेक्षाही मासेमारांसाठी दिली जाणारी हवामानाची सूचना ते अधिक लक्ष देऊन ऐकत, जरी घरात कोणाचीही होडी नव्हती. मूळचा हाताने ओढायचा अँटेना एकदा आंब्याच्या फांदीत अडकून वाकला, एकदा गाईने मान खाजवून मोडला आणि तिसरा खाऱ्या हवेने सांध्यांत इतका धरला की तो ना पुरता वर येई, ना पुरता खाली जाई. नको तेव्हा पत्र्याच्या आत लपून बसणारा पॉवर अँटेना बसवावा, असे मी २००४ साली ठरवले ते त्यामुळे.

त्याची रचना एकदा समजून घेतली की पुढच्या अर्ध्या अडचणी आपोआप सुटतात. एकात एक सरकणाऱ्या दांडीच्या पोटातून दाते असलेली नायलॉनची दोरी जाते. खालची मोटर एका दातेरी चाकाने ती दोरी वर ढकलते किंवा खाली ओढून डबीत गुंडाळते. तारा तीन असतात. एक बॅटरीकडून कायम येणारी १२ व्होल्टची, एक अर्थिंगची आणि एक रेडिओकडून येणारी इशाऱ्याची, जी सेटमधून बहुधा निळ्या रंगात बाहेर पडते. इशाऱ्याच्या तारेत वीज आली की दांडी वर जाते आणि वीज गेली की खाली येते. रेडिओ बंद झाल्यावरही मोटरला दांडी खाली ओढण्याचे काम उरलेले असते, म्हणूनच कायमच्या विजेची तार वेगळी द्यावी लागते. हे न कळल्यामुळे दोन्ही तारा एकत्र पिळून ठेवलेले आणि दांडी कायमची उभी राहिलेले दोन अँटेना मी स्वतः पाहिले आहेत.

पुढच्या मडगार्डाची जागा मी केवळ केबल आखूड राहावी म्हणून निवडली. मोटर चाकामागच्या पोकळीत बसली, तिच्या तळाची पाणी निचरायची नळी मी नीटनेटकेपणाच्या हौसेने आत दुमडून टाकली आणि जून लागला. कोकणातल्या पावसात चाक जे तांबडे पाणी उडवते, ते धुतलेल्या जांभ्याचेच असते. गणपतीपर्यंत मोटर कण्हू लागली आणि नवरात्रात दांडी अर्ध्यावर अडकली. उघडून पाहिले तेव्हा नळीत मूठभर चिखल होता आणि मोटरचे कवच गंजून फुगले होते. ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ती नेली, त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि एवढेच म्हटले, “काका, पाणी आत जाणारच. ते बाहेर कसे यायचे, ते तुम्ही बंद केलेत.”

दुसरा अँटेना २००६ साली मागच्या उजव्या मडगार्डावर बसवला, जिथे मोटर डिकीत कोरडी राहते. डाव्या बाजूचा विचार मी केला नाही, कारण आमच्याकडच्या अरुंद रस्त्यांवर गडगे आणि फांद्या घासतात त्या डावीकडूनच. मात्र मागे गेल्याबरोबर केबल साडेचार मीटरची झाली आणि खरा प्रश्न उभा राहिला. रत्नागिरी केंद्राच्या ११४३ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २६२ मीटर भरते. तिच्यापुढे मीटरभर दांडी नगण्यच. अशी आखूड दांडी लहानशा कपॅसिटरसारखी, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागासारखी, वागते, आणि केबलमधली तार व तिच्याभोवतीची जाळी यांचाही एक कपॅसिटर होतो. सिग्नल या दोहोंत वाटला जातो आणि केबल जितकी लांब, तितका रेडिओच्या वाट्याला तो कमी येतो. एफएमची लहर तीन मीटरच्या आसपास असल्यामुळे तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे पाऊण मीटरची, दांडी तिला उत्तम पुरते आणि तिथे ही तक्रार फारशी जाणवत नाही. एफएमची अडचण निराळीच आहे: ती लहर सरळ रेषेत जाते आणि आमच्या प्रत्येक वळणावर मध्ये एक डोंगर उभा असतो.

केबल वाढवायला टीव्हीची केबल जोडावी, असा सल्ला मला दोघांनी दिला आणि तो न मानल्याचे मला आजही समाधान आहे. गाडीच्या अँटेनाच्या केबलमध्ये केसासारखी बारीक तार पोकळ नळीतून सैल जाते, ती हाच कपॅसिटर लहान ठेवण्यासाठी. टीव्हीच्या केबलने तो उलट वाढतो. मी गाडीसाठीचीच वाढीव केबल आणली आणि मग सेटवर अँटेनाच्या सॉकेटशेजारी असलेला, रेडिओ अँटेनाशी जुळवून घेणारा बारीक स्क्रू फिरवून घेतला. १४०० किलोहर्ट्झच्या जवळपासचे एखादे क्षीण केंद्र लावायचे आणि ते सर्वांत मोठे ऐकू येईल तिथे स्क्रू सोडायचा, इतकेच ते काम आहे. पण त्याने गेलेला आवाज बराचसा परत आला.

भोक पाडण्यापूर्वी आतून हात घालून जागा चाचपली. मोटरला पत्र्याखाली सुमारे ४० सेंटिमीटर खोली लागते. पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावून खूण केली, आधी बारीक आणि मग २२ मिलिमीटरचे भोक पाडले, कडा कानसेने साफ केल्या आणि उघड्या लोखंडाला रेड ऑक्साईड लावले. फक्त खालच्या बाजूला, जिथे अँटेनाच्या दातेरी वॉशरची पकड बसते, तिथला रंग मुद्दाम खरवडून पत्रा चकचकीत केला आणि नट आवळल्यावर वरून व्हॅसलीन थापले. अर्थिंग इथेच होते, आणि खाऱ्या हवेत ते इथेच बिघडते. इंजिनाच्या वेगाबरोबर रेडिओत चढत जाणारी शिटी ऐकू आली की मी आधी हाच नट सोडून पाहतो. निचऱ्याची नळी या वेळी डिकीच्या तळातून सरळ खाली, तोंड मागे करून काढली.

कायमच्या तारेत बॅटरीजवळच फ्यूज घातला. निळ्या तारेवर मोटरचा भार टाकू नये. अनेक सेटांच्या माहितीपत्रकात तिची मर्यादा ३०० मिलिअँपिअर दिलेली असते, आणि त्याहून जास्त ओढायचे असेल तर मध्ये रिले, म्हणजे थोड्या विजेने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच, हवा. निळ्या तारेतच मी डॅशबोर्डखाली एक साधा स्विच घातला, आणि या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगी वस्तू तीच ठरली. पाणंदीत शिरताना स्विच बंद केला की रेडिओ चालू असतानाच दांडी आत जाते, आणि रत्नागिरी केंद्र जवळ असल्यामुळे तेवढ्या टोकावरही ऐकू येत राहते.

दांडीला ग्रीस लावू नये. त्यात लाल धूळ बसून तिचा कानशीसारखा लेप होतो. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने मीठ पुसायचे, मग तेलाचा हात फिरवलेले फडके लावून पुन्हा कोरडे करायचे.

गेल्या मे महिन्यात नायलॉनची दोरी तुटली. मोटर फिरल्याचा आवाज येई, दांडी मात्र हलत नसे. नुसती दांडी आणि दोरी वेगळी मिळते. वरचा नट काढून रेडिओ चालू केला की जुनी बाहेर येते. तुटलेला तुकडा आत राहिला होता म्हणून मोटरची डबी उघडावी लागली. नवी दोरी आत सोडून पुतण्याला रेडिओ बंद करायला सांगितले, तर ती जागची हलली नाही, कारण दाते मी उलट्या बाजूला धरले होते. दोरी अर्धा वेढा फिरवून पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा मोटरने ती हातातून हिसकून घेतली आणि दांडी सरळ टोकापर्यंत आत गेली.