एक्स्टेन्शन लाइनवर ब्रॉडबँड: गावच्या घरात माडीवर नेट कसं नेलं

गावाकडे नेट घ्यायचं म्हटलं की सगळ्यात आधी हाच सल्ला मिळतो, की मोडेम फोनजवळच ठेवा, एक्स्टेन्शनवर, म्हणजे फोनच्या डबीतून दुसऱ्या खोलीत वाढवलेल्या वायरीवर, ब्रॉडबँड चालत नाही. इतक्या जणांनी इतक्या ठामपणे सांगितलंय की शेवटी म्हटलं लिहूनच टाकावं, कारण हे अर्धंच खरं आहे. एक्स्टेन्शनवर ब्रॉडबँड चालतं, ऑफिसचे व्हिडिओ कॉल आणि पोरांची शाळा एकाच वेळी चालेल इतपत नीट चालतं. जे चालत नाही ते लाइनीला जागोजागी फुटलेले फाटे. फाटे काढले आणि माडीपर्यंत तारांची एकच स्वच्छ जोडी नेली की झालं, पण ते फाटे कुठे कुठे आहेत हे शोधणं हेच खरं काम आहे.

आमचं घर गुहागर तालुक्यात. जांभ्या चिऱ्याचं, भिंती जाड, वर कौलं आणि माडी. फोन ओटीवर, गावात लाइन आली तेव्हापासून तिथेच. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ई-पास काढून आम्ही सगळे तिकडे गेलो तेव्हा मोबाइलची रेंज घरात कुठेच नव्हती, आंब्याखाली उभं राहिलं तर बोलण्यापुरती यायची. पण अण्णांनी लँडलाइन सोडली नव्हती आणि तिच्यावर ब्रॉडबँडही घेऊन ठेवलेलं होतं. ओटीवरच्या मोडेमचं वायफाय माजघरात कसंबसं पोचायचं आणि माडीवर शून्य. चिऱ्याची भिंत आधीच जाड, त्यात पावसाळ्यात ती ओल धरते आणि पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं, त्यामुळे जूनमध्ये तर माजघरातलंही गेलं. आणि कामाला बसायची जागा एकच होती, माडी, कारण खाली माणसांचा राबता.

आता कुणी म्हणेल ओटीवर मोडेम ठेवून लॅन केबल वर न्यायची आणि तिथे दुसरा राउटर लावायचा. बरोबर आहे, तेच सगळ्यात उत्तम. पण दुकानं बंद होती, दुसरा राउटर मिळणार कुठून, आणि ओटीवर पावसाची झड येते तिथे चोवीस तास मोडेम चालू ठेवायला अण्णाही तयार नव्हते. माडीवर फोनचा एक जुना पॉइंट होताच, पॅरलल फोनसाठी, म्हणजे त्याच लाइनीवरच्या दुसऱ्या फोनसाठी, कधीतरी काढलेला. मोडेम उचलून तिथे लावला. मोडेमवरचा डीएसएलचा दिवा, म्हणजे फोनच्या लाइनीवरून नेटचा सिग्नल मिळतोय का ते दाखवणारा, लुकलुकायचा, स्थिर व्हायचा, जरा वेळाने परत लुकलुकायला लागायचा आणि खाली कुणाचा फोन वाजला की हमखास तुटायचं.

हे असं का होतं ते आधी सांगतो कारण एकदा कारण कळलं की उपाय आपोआप सुचतात. तांब्याच्या एकाच जोडीवरून दोन गोष्टी जात असतात. आपला आवाज खाली, ४ किलोहर्ट्झच्या आत. एडीएसएल, म्हणजे फोनच्या लाइनीवरचं ब्रॉडबँड, त्याच्या बऱ्याच वर, साधारण २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंत आणि एडीएसएल टू प्लस असेल तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. हा पट्टा मोडेम चार-सव्वाचार किलोहर्ट्झच्या बारीक बारीक कप्प्यांत वाटून घेतो आणि ज्या कप्प्यात गोंगाट कमी तिथे जास्त डेटा भरतो, गोंगाट असेल तो कप्पा सोडून देतो. म्हणजे लाइन खराब असली तरी नेट एकदम बंद पडेलच असं नाही, कप्पे गळत जातात आणि स्पीड घसरत जातो. त्यामुळे लोकांना वाटतं कंपनीच स्पीड देत नाही. काही वेळा दोष घरातच असतो.

स्प्लिटर म्हणजे ती तीन सॉकेटांची छोटी डबी, जिच्यावर लाइन, फोन आणि मोडेम असं लिहिलेलं असतं. फोनच्या बाजूला फक्त खालचा आवाज जाऊ द्यायचा आणि वरचं अडवायचं एवढंच तिचं काम. तिला वीज लागत नाही. हे मला फार कामाचं वाटतं, कारण त्याचा अर्थ असा की स्प्लिटर मोडेमच्या शेजारीच असायला हवा असं काही नाही. तो जिथे लाइन घरात शिरते तिथे पाहिजे. आमच्याकडे काय झालं होतं, मोडेमबरोबर स्प्लिटरही माडीवर गेला. म्हणजे ओटीवरचा आणि माजघरातला असे दोन्ही फोन स्प्लिटरच्या आधीच लाइनीला लागलेले, फिल्टरशिवाय. रिंग येते तेव्हा लाइनीवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो, रिसीव्हर उचलला की लाइनीवरचा भार एकदम बदलतो, आणि या सगळ्याचा धक्का थेट मोडेमला.

तर पहिली तपासणी मुळावर. घरातलं सगळं सोडवायचं, सगळे फोन, सगळे फाटे, आणि लाइन ज्या पहिल्या डबीत येते तिथे फक्त मोडेम लावून बघायचं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की मोडेमचं पान उघडतं, त्यात डीएसएल स्टॅटसमध्ये दोन आकडे बघायचे, एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नलला किती सवड उरलीय ते, आणि अटेन्युएशन, म्हणजे वाटेत सिग्नल किती क्षीण झाला ते. अटेन्युएशन मुख्यतः एक्सचेंजपासूनच्या अंतरावर असतं, त्याचं आपण फार काही करू शकत नाही. एसएनआर मार्जिन जेवढं जास्त तेवढं चांगलं, ६ डेसिबलच्या खाली गेलं की लाइन डुगडुगायला लागते, १० च्या वर असेल तर निवांत. ओटीवर नुसता मोडेम लावला तर मार्जिन १३-१४. माडीवर ५, कधी ४. बाहेरची लाइन ठणठणीत होती, सगळी गडबड ओटी ते माडी या एवढ्याशा अंतरात.

मग फाटे शोधायला घेतले. ओटीच्या डबीतून एक माजघरात, एक माडीवर, एक स्वयंपाकघरात, जिथे आता नुसतं रंग फासलेलं सॉकेट उरलंय. आणि एक चौथा निघाला तो बघून मी थांबलोच. वळचणीतून बाहेर, फणसाच्या झाडावरून, कुंपणापलीकडे थेट काकांच्या घरात. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचे दिवस होते तेव्हा दोन भावांत एकच कनेक्शन आणि दोन्ही घरांत पॅरलल फोन, अशी सोय केलेली होती. मुंबईहून फोन आला की दोन्हीकडे एकदम वाजायचा, आमच्याकडे उचलायचा आणि काकांचा असेल तर खिडकीतून हाक मारायची की उचला. काका मुंबईला गेले, घराला कुलूप, पण ती वायर तशीच लटकत होती, तिकडच्या टोकाला काहीही न लावलेली.

आता अशी मोकळी लोंबणारी वायर काय बिघडवते? वाटतं की तिथे फोनच नाही तर तिचा काय त्रास. पण सिग्नलला ते माहीत नसतं, तो त्या फाट्यातही शिरतो, मोकळ्या टोकाला आपटून परत येतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. आणि एका ठराविक फ्रिक्वेन्सीला तो बरोबर उलटा होऊन येतो आणि मूळ सिग्नलला खाऊन टाकतो. तांब्याच्या वायरीतून सिग्नल सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो असं धरलं तर ५० मीटरच्या फाट्याला हा खड्डा १ मेगाहर्ट्झच्या आसपास पडतो, २५ मीटरच्या फाट्याला २ मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे ऐन ब्रॉडबँडच्या पट्ट्यात. काकांच्या घराचा फाटा पन्नासेक मीटर तरी असेलच. आवाजाला मात्र याने काही होत नाही, म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता नव्हता, फोन तर छान चालतोय असंच सगळे म्हणत होते.

काकांना फोन करून विचारलं आणि त्यांनी हो म्हटल्यावर तो फाटा ओटीच्या डबीतूनच सोडवला. स्वयंपाकघराचा पण. मार्जिन लगेच वर आलं, पण अजून मनासारखं नव्हतं.

राहिली ती माडीची वायर. ती चपटी होती, दोन तारा शेजारी शेजारी, पीळ नसलेल्या, आणि लाइटफिटिंगच्याच पट्टीतून पंख्याच्या वायरीला चिकटून वर नेलेली. टेलिफोनच्या चांगल्या वायरीत जोडीला पीळ असतो तो उगाच नसतो. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि मोडेम दोन तारांमधला फरकच वाचत असल्यामुळे तो गोंगाट वजा होऊन जातो. चपट्या वायरीत हे होत नाही. पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की मार्जिन खाली, हे आकड्यात स्वच्छ दिसत होतं.

माझ्या गाडीत कॅट-फाइव्ह केबलचं वेटोळं होतं. तिच्यात पीळ घातलेल्या चार जोड्या असतात, आणि इथे मला जे करायचं होतं त्यासाठी दोनच पुरे. स्प्लिटर परत ओटीवर आणला, लाइन जिथे घरात शिरते त्या डबीच्या अगदी शेजारी. स्प्लिटरच्या मोडेमच्या सॉकेटातून निळी जोडी माडीवर मोडेमला. स्प्लिटरच्या फोनच्या सॉकेटातून ओटीचा फोन, तिथूनच माजघराचा, आणि त्याच केबलमधल्या नारिंगी जोडीवरून माडीचा फोन. म्हणजे सगळे फोन एकाच फिल्टरच्या मागे गेले, वेगवेगळे फिल्टर लावायची गरजच नाही, पॅरलल फोन असले तरी अडचण नाही. आणि मोडेमला एक्सचेंजपासून थेट एकच जोडी, मध्ये एकही फाटा नाही. केबल लाइटच्या पट्टीपासून लांब, वाशाच्या बाजूने नेली आणि जिथे विजेची वायर ओलांडावीच लागली तिथे समांतर न नेता काटकोनात ओलांडली.

हे चालू असताना लाइनमन दादा खांबावरच्या कामाला आले होते ते पाणी प्यायला ओटीवर टेकले. डबी उघडी बघून त्यांनी नुसतं एवढंच विचारलं, "सांधे कसे करताय?" मी म्हटलं पीळ देऊन वर टेप. त्यांनी मान हलवली. "इथली हवा खारी हो, टेपच्या आत पाणी राहतं. पुढच्या पावसात हिरवं होईल बघा." आणि खिशातून छोटे कनेक्टर काढून दिले, ज्यांच्या आत जेली भरलेली असते, तारा न सोलताच आत सरकवायच्या आणि पकडीने दाबायचं. बाहेरच्या ड्रॉप वायरचा, म्हणजे खांबावरून घरात येणाऱ्या वायरीचा, जुना सांधाही त्यांनी स्वतःहून कापून नवा केला, आत खरंच हिरवा थर होता. पावसाळ्यात फोनवर जी खरखर यायची ती तेव्हापासून बंद. या माणसांना आपल्या कामाची जी समज आहे ती कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडत नाही, आणि लॉकडाउनमध्ये ते गावोगाव फिरत होते म्हणून आमच्यासारख्यांची कामं चालली.

सेटिंगचं फार काही नाही. मोडेम रीसेट झाला असेल तर बीएसएनएलच्या एडीएसएलला मोडेमच्या पानावर व्हीपीआय या रकान्यात ० आणि व्हीसीआय या रकान्यात ३५, कनेक्शनचा टाइप पीपीपीओई, आणि आपलं युजरनेम पासवर्ड. बस. डीएसएलचा दिवा स्थिर आणि इंटरनेटचा नाही असं असेल तर बहुतेक वेळा भानगड इथेच असते, वायरीत नाही, हा फरक लक्षात ठेवला तर खूप वेळ वाचतो.

सगळं जोडून झाल्यावर माडीवर मार्जिन १३. ओटीवर नुसता मोडेम लावून जे येत होतं जवळजवळ तेवढंच. म्हणजे वीसेक मीटर केबलने काहीही नुकसान झालेलं नाही, आणि ते साहजिक आहे, एक्सचेंजपासून घरापर्यंत दीडेक किलोमीटर तांबं आधीच आहे, त्यात वीस मीटरची काय मातब्बरी. खाली फोन वाजतोय, अण्णा बोलतायत आणि वर मीटिंग चालू, काही तुटत नाही. अण्णांना २००५ मध्ये ब्रॉडबँड आलं तेव्हाचं आठवलं, तेव्हा २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे, आणि नंतरच्या एका प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ अनलिमिटेड असायचं म्हणून पहाटे उठून डाउनलोड लावायची ती धडपड.

दोन गोष्टी कोकणातल्या लोकांनी मात्र विसरू नका. विजा चमकायला लागल्या की मोडेमचा नुसता प्लग काढून भागत नाही, टेलिफोनची पिनपण काढायची. वीज कुठेतरी लांब पडली तरी खांबावरच्या तारेतून तडाखा आत येतो. त्यासाठी माडीची केबल थेट मोडेममध्ये न घालता भिंतीवर सॉकेट करून घेतलं, म्हणजे कुणालाही पटकन काढता येतं. आणि तिथल्या दोन सॉकेटांवर मार्करने ठळक नेट आणि फोन असं लिहा, कारण दोन्हीची पिन सारखीच आणि गणपतीत घर भरलं की कोण कुठे काय खुपसेल सांगता येत नाही.

उद्या तुमच्याकडे फायबर आलं तरी ही केबल उपटून टाकू नका. फायबरची डबी ओटीवरच बसवून घ्या, कॅट-फाइव्हच्या दोन्ही टोकांना लॅनचे जॅक मारा आणि माडीवर राउटर लावा. शंभर एमबीपीएसच्या लॅनला दोनच जोड्या लागतात, चारही जोडल्या तर गिगाबिटसुद्धा मिळू शकतं, म्हणून केबल टाकताना दोनच जोड्या वापरायच्या असल्या तरी उरलेल्या दोन कापू नका, नीट गुंडाळून डबीत ठेवा.