तुम्ही विचारलंत म्हणून: आईने किती सोसलं?

मी लालबागच्या चाळीत वाढले, आई गिरणी कामगारांची खानावळ चालवायची, एवढं सांगितलं की समोरचा माणूस हळवा होतो. मग हमखास विचारतो, "किती सोसलं असेल ना हो तुमच्या आईने?" त्या विचारण्यात माया असते, ती मला कळते. तरी उत्तर देताना माझा आवाज चढतो. सोशिक हा शब्द आईला कधीच बसला नाही. ती कष्टाळू होती, हट्टी होती, हिशेबाला पक्की होती आणि मनापासून हसणारी होती.

गिरणीच्या पाळ्या तीन, म्हणून आमच्या दहा बाय बाराच्या खोलीतल्या पंगतीही तीन. सातच्या पाळीचे, दुपारी साडेतीनचे, रात्री बाराचे. बावीस जण जेवायला. बहुतेक कोकणातले, बायकामुलं गावाला ठेवून गाळ्यात पथारी टाकणारे. पहाटे चारला नळ यायचा, तेव्हा आईचे दोन्ही स्टोव्ह पेटलेले असायचे. बुधवार, शुक्रवार, रविवार मासळी. इतर दिवशी आमटी-भात, भाकरी आणि तोंडाला चव म्हणून सोलकढी.

आई चौथीपर्यंत शिकली होती. दुपारच्या पंगतीला ती 'नवाकाळ' मोठ्याने वाचून दाखवायची, वाचतावाचता वाढायची. मध्येच कोणी बोललं तर आमटीचा डाव हवेतच थांबायचा. वाक्य पुरं होईल तेव्हाच आमटी. पुढे संपाच्या सभेत तिची माणसं मुद्देसूद बोलायची, त्याचं श्रेय मी या डावाला देते.

गिरणगावातल्या खानावळवाल्या वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत पिचत होत्या. माणसांचा पगार महिन्यानं यायचा, तांदूळ मात्र रोज लागायचा. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना एकमेकींच्या जामिनावर बँकेचं कर्ज मिळू लागलं. आमच्या चाळीतल्या चौघींना घेऊन आई बँकेत गेली. धंदा खरंच चालतो कशावरून, असं तिथल्या साहेबांनी विचारलं. "उद्या दुपारी या आणि पानं मोजा," आई म्हणाली. ते आले. पानं मोजली, जेवलेही. त्यांच्या जेवणाचे पैसे आईने घेतले. कर्ज मंजूर झालं आणि तिने ते वेळेवर फेडलं.

आणि कॅरम! हे मी नेहमी सांगते, कारण आईबद्दल विचारणाऱ्यांच्या मनात कॅरम कधी नसतो. रात्रपाळीची माणसं गेली, भांडी उपडी घातली की ती पदर खोचून गॅलरीत यायची. पिवळ्या दिव्याखाली बोर्ड मांडलेला, वर भुरभुरलेली बोरिक पावडर. स्ट्रायकर तिचा स्वतःचा, कनवटीला बांधलेला. सुरुवातीला चाळीतले पुरुष संकोचायचे. पहिल्याच डावात तिने क्वीन कव्हरसकट घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक तिचा जोडीदार व्हायला भांडू लागले. पहाटे चारला उठायचं असूनही ती खेळायची. त्या अर्ध्या तासात तिचा चेहरा जसा दिसायचा, तसा मी आजही डोळे मिटून बघू शकते.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. माझे वडील साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, तेही निघाले. आई संपाच्या बाजूची होती, शेवटपर्यंत. पावसाळा आला तसे एकेक जण गावाकडे निघाले. देवगडचा एक बदली कामगार, म्हणजे कोणी गैरहजर असला तरच काम मिळणारा, निरोप घ्यायला आला आणि उंबऱ्यावरच रडू लागला. आईने पान वाढलं. "आधी जेव, मगे रड." तो जेवला. वाटेसाठी तिने भाकऱ्या बांधून दिल्या आणि वहीत त्याची बाकी लिहिली, शहाऐंशी रुपये.

ती रडलीच नाही असं मी म्हणणार नाही. बांगड्या गहाण टाकल्या त्या रात्री भिंतीकडे तोंड करून रडली, मी पाहिलं. सकाळी उठून फोर्टातल्या कचेऱ्या पालथ्या घालायला निघाली. दोन महिन्यांत बत्तीस डबे मिळवले. वडील तोवर दिवसभर खिडकीत बसून राहू लागले होते. भोंगा नाही, पाळी नाही, हाताला काम नाही. आई म्हणाली, "अहो, भायखळ्याला तुम्हीच जा. भाजी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळते." तेव्हा ते खरं नव्हतं. दिवाळीपर्यंत खरं झालं. भेंडीचं टोक मोडून बघणारे वडील मला दिसतात, तेव्हा त्यामागे आईच दिसते.

तिने सगळ्यांचे पैसे सोडून दिले असतील, असंही लोकांना वाटतं. मुळीच नाही. ती पोस्टकार्डं लिहायची. "तुझी बाकी शहाऐंशी. तांदूळ पाठवलास तरी चालेल. मुलीचा ताप उतरला का?" आणि यायचं हो! उकड्या तांदळाची पोती, आमसुलं, काजू, एकदा तर एस.टी.च्या टपावरून फणस. आलेल्या मालाचा ती बाजारभाव काढायची, वहीतून वजा करायची, जास्त झालं तर उलटटपाली कळवायची. मी एकदा म्हटलं, आई, त्या गरिबांकडे कशाला मागतेस? ती चिडली. "फुकट जेवला असं त्याला वाटायला नको. आणि बाकी ठेवली की माणूस येत राहतो."

संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, आमची चाळही गेली. आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिची वही माझ्याकडे आहे. प्रत्येक फिटलेल्या नावावर तिने निळ्या शाईने आडवी रेघ मारली आहे, पट्टी लावून. देवगडच्या त्या मुलाच्या नावावरही आहे. दोन नावं मात्र तशीच आहेत, आणि त्यांच्यापुढे शेवटचं कार्ड कधी टाकलं त्याची तारीख. ती तारीख तिच्या जाण्याच्या आधीच्या महिन्यातली आहे.