शेत शेतच राहावे म्हणून विश्वस्त संस्था

शेंद्रा-बिडकीनचा औद्योगिक पट्टा आणि समृद्धी महामार्ग यांमुळे छत्रपती संभाजीनगर-जालना रस्त्यालगतच्या कित्येक गावांत जमिनीचा भाव आता पिकावर ठरत नाही, गुंठ्यावर ठरतो. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. लागोपाठचे दुष्काळ आणि डोक्यावरचे कर्ज काय करायला लावते, हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. पण ज्याला आपले शेत आपल्यामागेही शेतच राहावे असे मनापासून वाटते, त्याच्या हाती काय साधन आहे, याचा विचार झाला पाहिजे.

कारण हा प्रश्न एकट्या मालकाचा नसतो. शेजारच्या गटात प्लॉटिंग सुरू झाले की जेसीबी सर्वांत आधी धुरे मोडतो. उताराला आडवे घातलेले ते बांध गेले की मृगाचे पाणी मुरमाच्या नव्या रस्त्यावरून धावत थेट खालच्या कपाशीत शिरते, सऱ्या बुजतात आणि नुकत्याच उगवलेल्या रोपांवर गाळाचा थर बसतो. पुढे गाडीवाट अडते, आणि मग खालचा शेतकरीही विकायला तयार होतो.

अमेरिकेत यावर एक मार्ग रूढ झाला आहे. कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात 1980 साली एलेन स्ट्राउस या दूध उत्पादक शेतकरी आणि फिलिस फेबर या जीवशास्त्रज्ञ यांनी शेतजमिनीसाठी स्थानिक विश्वस्त संस्था उभी केली. अशा व्यवस्थेत मालक जमीन देत नाही. तिच्यावर वसाहत उभारण्याचा आणि तिचे तुकडे पाडण्याचा हक्क तेवढा तो मोबदला घेऊन किंवा दान म्हणून कायमचा सोडतो. मालकी, वहिती, वारसा, विक्री हे सारे त्याच्याकडेच राहते, मात्र पुढचा खरेदीदारही त्या बंधनाने बांधला जातो आणि संस्था नियमित पाहणी करून ते पाळले जाते की नाही, हे बघते.

आपल्याकडे हे जसेच्या तसे करता येत नाही. 1882 च्या सुविधाधिकार (म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचा मर्यादित हक्क) कायद्याप्रमाणे असा हक्क एका जमिनीच्या लाभासाठी दुसऱ्या जमिनीवर असावा लागतो, त्यामुळे ज्या संस्थेची त्या शिवारात जमीनच नाही, तिला तो मिळत नाही. त्याच वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 10 नुसार ‘ही जमीन कधीच विकू नये’ अशी अट खरेदीखतात घातली तरी ती टिकत नाही. कलम 11 मात्र थोडी वाट ठेवते: आपल्याच उरलेल्या जमिनीच्या लाभासाठी विकलेल्या भागाच्या वापरावर घातलेले बंधन अमलात आणता येते. जो शेताचा एखादा भाग नाइलाजाने विकतो, त्याने तरी ही तरतूद वकिलाकडून समजून घ्यावी.

भक्कम उपाय आज एकच दिसतो, तो म्हणजे नोंदणीकृत दानपत्राने जमीन सार्वजनिक न्यासाला, म्हणजे विश्वस्त संस्थेला देणे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, आणि हेच तिचे खरे कुंपण आहे. अर्थात न्यास शेतकरी नसल्यामुळे मराठवाड्यात लागू असलेल्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याखाली शेतकरी नसलेल्याला शेतजमीन देण्याच्या परवानगीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलींसह सर्व हिस्सेदारांची संमती घ्यावी लागते, आणि ती मालकाच्या हयातीतच, सगळ्यांना एकत्र बसवून घेतलेली बरी.

ज्यांना एकट्याने नव्हे तर गावाने पुढे जावेसे वाटते, त्यांच्यासाठी भूदानाच्या विचारातून आलेला 1964 चा महाराष्ट्र ग्रामदान कायदा आहे. 1951 साली विनोबांना पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले तेव्हा ते गाव आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते, म्हणून हा विचार मला परका वाटत नाही. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने 2013 साली हाच कायदा वापरून खासगी जमिनीही ग्रामसभेकडे सोपवल्या. जमीन कसतात ती कुटुंबेच, पण ती गावाबाहेर विकता येत नाही.

शासनाने सार्वजनिक कामासाठी भूसंपादन केले, तर न्यासाची जमीनही सुटत नाही, हे देणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. न्यास स्थापन करताना मी विश्वस्तपत्रातच दोन गोष्टी लिहून घेण्याचा आग्रह धरीन: निम्म्याहून अधिक विश्वस्त त्याच शिवारात स्वतः शेती करणारे असावेत, आणि जमिनीच्या खरेदी-विक्रीचा किंवा प्लॉटिंगचा धंदा करणारी व्यक्ती कधीही विश्वस्त होऊ नये.